‘कचरा’ नावाचं फोल्डर

मंदाकिनी : अन् हे काय? ‘हा मेल अकरा जणांना पाठवा, नाहीतर घरावर संकट येईल.’ हे कोणं पाठवलं?

निधी : परागच्या कॉलेजातल्या कोणा मित्राने. आणि परागने पुढे पाठवला पण आहे, आई. अकराच्या अकरा जणांना.

मंदाकिनी : भित्रं पोट्टं. तुह्या नवऱ्याचे हे खेळ मले नाही पाहायचे, निधी. उद्या कबाडीवाला तो कॉम्प्युटर उचलून नेईन.

निधी : नेऊ द्या ना. त्याची हार्डडिस्क मी काढून घेतली. माझ्या लॅपटॉपला लावली आणि जुने सगळे मेल या प्रोग्रॅममध्ये आणले. जे होतं ते सगळं आलं. आता त्यात बाबांचं काय आहे, ते शोधायचं.

मंदाकिनी : मले एकच शोधायचं आहे.

निधी : माहीत आहे. बाबांनी भोपाळची नोकरी का सोडली.

मंदाकिनी : प्रमोशन तोंडावर होतं गं. थोडं थांबले असते तर साहेब होऊन रिटायर झाले असते. अन् एक दिवस सकाळी पाहते तर ट्रंक घेऊन दारात उभे. म्हटलं, काहून आले? तर हसले. म्हणे, ‘तूच बोलावलं ना.’

निधी : आणि तुम्ही नव्हतं बोलावलं.

मंदाकिनी : तोंडातून शब्द नाही काढला मी. पण आपल्या साऱ्या मोहल्ल्यात, पुरानी बस्तीत, झालं, शंकररावानं बायकोपायी प्रमोशन सोडलं. माह्या नणंदा अजून ऐकवतात. जेव्हा विचारलं तेव्हा तेच उत्तर, ‘तूच बोलावलं.’ मले वाटे, माणूस टोमणा मारून राहिला. मग मी विचारणंच सोडलं. आता तर विचारायले माणूसही नाही राहिला.

निधी : एक विचारू? तुम्हीच का नाही गेलात भोपाळला?

मंदाकिनी : आपलं हे राज्य भोपाळपासून वेगळं झालं तेव्हा ऑफिसातली माणसंही दोन्हीकडं वाटली ना. त्यायचं नाव भोपाळच्या वाट्याले आलं, माहं इथंच राहिलं. ते म्हणे, तू बदलीचा अर्ज कर अन् चाल. मी म्हटलं, तुम्ही अर्ज करा अन् थांबा. दोघंही अडून बसलो. ते तिकडं एका खोलीत, अन् मी इकडं परागले घेऊन.

निधी : आणि फोन?

मंदाकिनी : रविवारी, बूथवरून. मागं माणसं उभी. ‘तब्येत बरी? पोट्टा अभ्यास करून राहिला? बरं, ठेवतो.’ झाला फोन. नवरा-बायको म्हणायचं आपलं.

निधी : एक मिनिट. आई, इथे खाली अजून एक फोल्डर आहे. नाव ‘कचरा’.

मंदाकिनी : मग राहू दे ना. कचऱ्यात कायले हात घालते.

निधी : नाही, पण यातले सगळे मेल एकाच पत्त्यावरून आलेत, आणि पत्त्यात कोणाचं नाव नाही, नुसती अक्षरं-आकडे. आणि एकही उघडलेला नाही, बघा, सगळी नावं ठळक दिसतात. परागने सेटिंग करून ठेवली असणार, की या पत्त्यावरून काही आलं की सरळ कचऱ्यात. उघडून बघू?

मंदाकिनी : उघड.

निधी : हे तर सगळं असंच आहे. इंग्रजी अक्षरं, पण शब्द एक पण नाही. व्हायरस वाटतो. परागलाही तेच वाटलं असेल.

मंदाकिनी : काय अक्षरं आहेत? चष्मा घालेपर्यंत वाच.

निधी : प्रत्येक मेलची सुरुवात सारखीच आहे. ई, ए, एन, के.

मंदाकिनी : पुन्हा वाच. हळू.

निधी : ई. ए. एन. के. आई, तुम्ही टेबल का वाजवताय?

(मंदाकिनीची बोटं टेबलावर पुन्हा तेच चार ठोके देतात.)

मंदाकिनी : डाव्या हाताचं मधलं बोट वर. मग करंगळी. मग उजव्या हाताचं पहिलं बोट खाली, अन् मग मधलं. निधी, हे तर ‘मंदा’ आहे.

निधी : काय?

मंदाकिनी : म, अनुस्वार, द, काना. मंदा. टाइपराइटरवर अक्षरं अशीच बसतात. जल्मभर ऑफिसात हेच केलं मी, बोटं विसरन काय? अन् मले मंदा म्हणणारं एकच माणूस होतं.

निधी : म्हणजे हे बाबांचे मेल आहेत. आत्ता समजलं. त्यांच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरमध्ये टाइपराइटरसारखा फॉन्ट होता. ते मराठीत लिहायचे, त्यांना मराठीच दिसायचं. घरच्या कॉम्प्युटरमध्ये तो फॉन्ट नव्हता, म्हणून इथे नुसती इंग्रजी अक्षरं. आणि परागला वाटलं, कचरा.

मंदाकिनी : मले तर हे असं काही येऊन राहिलं, हेच माहीत नव्हतं. त्या कॉम्प्युटरकडे मी पाहत नव्हती. तो घरी आला त्याच साली ऑफिसातले आमचे टाइपराइटर उचलून गोदामात टाकले होते. सवतीकडे पाहावं तसं पाहायची मी त्याच्याकडे.

निधी : आई, नेटवर एक साइट आहे. हे सगळं उचलून तिथे टाकलं की एका सेकंदात मराठी होतं.

मंदाकिनी : तिथं मग कोणाकोणाले दिसते?

निधी : कोणालाच नाही दिसत. मतलब, शायद नाही.

मंदाकिनी : ‘शायद’वर मी नवऱ्याचं बोलणं चव्हाट्यावर नाही टाकत. इकडं सरकव तो लॅपटॉप. मीच वाचते.

निधी : मोठ्याने वाचाल ना? मलाही ऐकायचं आहे.

मंदाकिनी : थांब, बोटांवर येऊ दे. ‘मंदा, इथं थंडी... फार आहे. खोलीचं दार बरोबर लागत नाही. दोन सदरे घालून झोपतो. हे फोनवर सांगता येत नाही, मागं माणसं असतात.’ बापा. मले फोनवर म्हणे, इथं हवा छान आहे.

निधी : पुढचा वाचा. हा त्याच महिन्यातला आहे.

मंदाकिनी : ‘मंदा, गोधडी मिळाली. म्हणजे तू मेल वाचते. उत्तर लिहीत नाही, सामानातून देते. तुहं असंच आहे.’

निधी : तुम्ही गोधडी पाठवली होती?

मंदाकिनी : डिसेंबर होता म्हणून पाठवली, मेल वाचून नाही. दत्तोपंतांपाशी दिली होती. आपल्याच मोहल्ल्यातले, देवळामागं राहायचे. त्यायलेही भोपाळच मिळालं होतं, दुसऱ्या खात्यात. सणावाराले घरी यायचे अन् परत जाताना माहं सामान न्यायचे.

निधी : तेच दत्तोपंत ना, ज्यांनी आमच्या लग्नात चौथ्यांदा श्रीखंड मागितलं?

मंदाकिनी : तेच. माणूस देवासारखा, पण खाण्यापुढं देवाचंही ऐकणार नाही.

निधी : इथे बघा, या मेलमध्ये काय आहे?

मंदाकिनी : ‘इथल्या जेवणाची चव गेली असं लिहिलं, अन् तू लिंबाचं लोणचं धाडलं.’ लोणचं तर मी साऱ्यायलेच देते. काय माणूस आहे हा. मी आपली जे घरात असन ते डब्यात कोंबून पाठवत होती, अन् हे तिकडं त्याचे अर्थ लावत बसले.

निधी : त्यांच्यासाठी तर तुम्ही प्रत्येक मेलला उत्तर देत होतात.

मंदाकिनी : शेवटचा कोणता आहे? तो उघड.

निधी : हा. दिवाळीच्या आधीचा. याच्यानंतर काही नाही.

मंदाकिनी : दिवाळीनंतरच तर आले ते. ट्रंक घेऊन. दे इकडं. ‘मंदा, प्रमोशनचं निघून राहिलं आहे. घेतलं तर रिटायर होईपर्यंत इथंच राहा लागन. मले घरी यावंसं वाटते. पण तू बोलावल्याशिवाय मी येणार नाही, अन् तू तोंडानं बोलावणार नाही, हे मले माहीत आहे.’

निधी : थांबू नका ना, आई.

मंदाकिनी : ‘तर असं कर. दत्तोपंत दिवाळी करून येतीन, त्यायच्यापाशी तू फराळाचा डबा देशीनच. मी इथंच राहावं असं वाटत असन, तर नेहमीसारखा भरून पाठव. यावं असं वाटत असन, तर...’ निधी, हा शब्द तू वाच. मले काही भलतंच दिसून राहिलं.

निधी : एफ. जे. डी. के. ई. के.

मंदाकिनी : पहिली वेलांटी. र. क ले काना. म ले काना. रिकामा. बरोबरच वाचलं मी. ‘तर डबा रिकामा पाठव. रिकामा डबा आपल्यात कोणी पाठवत नाही, म्हणजे घोटाळा व्हायचा नाही.’

निधी : मग तुम्ही रिकामा पाठवला?

मंदाकिनी : मी कायले रिकामा पाठवू? करंज्या दिल्या होत्या. खच्चून भरला होता डबा, झाकण बसे ना म्हणून वरून दोरी बांधली होती.

निधी : म्हणजे तुमचं उत्तर गेलं, की तिथेच राहा. मग बाबा आले कसे? आई? काय झालं?

मंदाकिनी : दत्तोपंत.

निधी : दत्तोपंतांचं काय?

मंदाकिनी : तुह्या लग्नात सांगितलं त्यायनं मले. जेवून पान खाता खाता. म्हणे, ‘वहिनी, एक गोष्ट पोटात आहे. एकदा इटारसीच्या अलीकडं गाडी रात्रभर उभी राहिली. खाली काही मिळे ना. तुमच्या डब्यातली एक करंजी काढली, मग दुसरी काढली. भोपाळ येईपर्यंत डबा साफ.’

निधी : अरे देवा. सगळ्या?

मंदाकिनी : साऱ्या. मग लाज वाटली म्हणून डबा धुवून पुसून त्यायच्या हातात दिला, अन् काही न बोलता निघून जात होते.

निधी : आणि बाबांनी डबा उघडला.

मंदाकिनी : तिथंच, दारात. दत्तोपंत म्हणे, ‘झाकण काढून आत पाहिलं अन् शंकररावाच्या डोळ्यात पाणी आलं. मले वाटलं, किती भुकेला आहे हा माणूस. त्या दिवसापासून मी दुसऱ्याच्या डब्याले हात नाही लावला.’ अन् मी किती हसली होती, निधी. पोट धरून हसली. मले काय माहीत, डोळ्यात पाणी कायचं आलं.

निधी : तुम्ही बाबांना सांगितलं का हे? लग्नानंतर?

मंदाकिनी : नाही. म्हटलं, उगाच दत्तोपंतांवर चिडतीन, माह्या करंज्या खाल्ल्या म्हणून. म्हातारपणी दोघंच तर बसायचे संध्याकाळी ओट्यावर.

निधी : बरं झालं नाही सांगितलं. बाबांना शेवटपर्यंत हेच वाटत राहिलं, की तुम्ही बोलावलं. ते खरंच सांगत होते, टोमणा नव्हता.

मंदाकिनी : हव. अन् मी त्यायच्यावर चिडत होती.

निधी : पण आई, खरं सांगा. तुम्हाला तेव्हा वाटत होतं का, त्यांनी यावं?

मंदाकिनी : त्या करंज्या तळताना एकच मनात होतं, माणूस इथं असता तर गरम गरम खाल्ल्या असत्या. मले इथं पाहिजे होते ते. रोज पाहिजे होते. म्हणूनच तर रागारागानं डबा एवढा भरला.

निधी : मग हा मेल तेव्हा मिळाला असता तर? तुम्ही रिकामा पाठवला असता ना?

मंदाकिनी : नाही गं.

निधी : असं कसं? आत्ताच तर म्हणालात.

मंदाकिनी : मी म्हटलं असतं, येवाचं असन तर या, नाहीतर राहा, मले कायले कोडी घालता. अन् आणखी दोन करंज्या जास्तीच्या घातल्या असत्या. मी ओळखते ना मले. तिकडं रिकामा डबा गेला असता तर तो दत्तोपंतांच्या हातूनच, माह्या हातून नाही.

निधी : म्हणजे परागने मेल कचऱ्यात टाकले, ते एका अर्थी...

मंदाकिनी : ते त्याले नको सांगू. आधीच कॉलर ताठ आहे. पण तो घरी आला की त्याले समोर बसवून हे सारं वाचून दाखवीन. बापाचं अक्षर ओळखायले शिकवीन.

निधी : मलाही शिकवा. ई म्हणजे म, के म्हणजे काना, एवढं तर आलं मला. आणि या फोल्डरचं नाव बदलू ना? ‘बाबा’ करते.

मंदाकिनी : राहू दे. ‘कचरा’च असू दे. त्या नावामुळंच कोणी हात नाही लावला इतकी वर्षं. अन् तुह्या फोनमध्ये दत्तोपंतांचा नंबर आहे ना? लाव.

निधी : आत्ता? आई, रागावू नका हं त्यांच्यावर. ऐंशीचे आहेत, शुगर आहे त्यांना.

मंदाकिनी : रागावत नाही. एक विचारायचं आहे.

निधी : आता काय विचारायचं राहिलं? सगळं तर कळलं.

मंदाकिनी : सारं नाही कळलं. त्या करंज्या कशा झाल्या होत्या, ते मले कोणं सांगितलंच नाही.