उकळत्या ढेपीतली पावडर

तिवस्याच्या जनावरांच्या दवाखान्यासमोर रांगेत माझ्यापुढे दोघं उभे होते. रोडावलेली वासरी धरून माणिकबाई, आणि बकरी घेऊन आलेला त्यांच्याच गावचा फारुख.

“मावशी, वासरी अजून अशीच? डॉक्टरनं पचनाची पावडर देल्ली होती ना?”

“देऊन राहिली ना रोज. हगवण काही थांबत नाही. घरचे म्हणतात, हे जगत नाही आता.”

“पावडर कशात देता?”

“ढेपीत. सरकीची ढेप चुलीवर शिजवते, अन उकळी आली का वरून टाकते.”

“उकळत्यात?”

“मंग? आमच्या घरी कच्चं कोणालेच देत नाही. पाहुण्याले नाही, जनावराले नाही.”

“अवो मावशी, त्या पावडरीत जिवंत जंतू असतात. दह्यात असतात तसे, चांगले. पोटात जाऊन चारा पचवतात. उकळत्यात मरतील नाही तं काय!”

“म्हणजे म्या रोज जिवंत जीव उकळत्यात टाकले?”

“तुमाले कुठं माहीत होतं?”

“फारुख, आमी महानुभाव. घरात मुंगी निंघाली तं सुपात घेऊन बाहेर सोडतो. अन तू मले हे इथं, लाइनीत सांगून राहिला?”

“मंग कुठं सांगू? ढेप थंडी होऊ द्या, मंग टाका.”

खिडकीतून डॉक्टरांनी विचारलं, “माणिकबाई, पावडर अजून देऊ?”

“द्या. पण ढेप किती थंडी पायजे, ते आधी सांगा. चटका नाही बसला पायजे.”

“वासरीला?”

“वासरीले कायले? जंतूइले.”