बर्फावरचा रस्ता

सिअ‍ॅटलच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट बघत मोनालीने गाडीची काच खाली केली, तर शेजारच्या गाडीतून चक्क मराठी ऐकू आलं. स्टिअरिंगवर एक तरुण, बाजूला साठीच्या बाई.

"मावशी, बेल्ट लाव. रांग हलेल आता."

"माझ्या श्रीरंगच्या त्या एस्टोनियातल्या गावातही अशीच फेरी होती. पन्नासेक घरं, एक धक्का. पूर्वी रेल्वेही यायची म्हणे, रूळ कधीच उखडले."

"आणि थंडीत?"

"समुद्र गोठायचा, फेरी बंद. मग बर्फावरूनच गाडीने बेटावर जायचं. पाटीच होती, बेल्ट काढा म्हणून. बर्फ फुटला तर पटकन बाहेर पडता यावं."

"मग त्या दिवशी बर्फ फुटला, तेव्हा श्रीरंगदादाने काढला नव्हता का?"

"काढला होता."

"मग?"

"अर्ध्या वाटेवर मीच म्हटलं, लाव रे, आईचं ऐक. शाळेत होता तेव्हापासून म्हणत आले तसं. तो हसला आणि लावला."

"आणि तुझा?"

"मला लाव म्हणून कोण सांगणार होतं?"

पुढच्या गाड्या सुरू झाल्या. तरुणाचा हात स्वतःच्या बेल्टवर थबकला.

"मावशी, बोटीवर मी काढू ना माझा?"

"मला विचारू नकोस, बाळा."