वाढ नाकारल्याची प्रेसनोट

संचिता : काका, शटर अर्धं खाली ओढा ना. प्लीज.

दामाजी : भर दिवसा? खासदारांचं ऑफिस आहे पोरी, रेशनचं दुकान नाय. लोक म्हणतील, काय झालं म्हणून.

संचिता : लोकच नकोयत मला. मघाशी रिक्षा स्टँडवाले पेढे घेऊन आलेले, बघितलंत ना? म्हणे, पगारवाढ नको म्हणणारा आपला साहेब एकटाच, चौकात बॅनर लावतो. बॅनर, काका! आणि साहेबांना अजून पत्तासुद्धा नाही.

दामाजी : पत्ता नाही म्हणजे? प्रेसनोट तर त्यांच्याच नावाने गेली.

संचिता : सगळं त्यांच्याच नावाने जातं. ते कधी वाचतात? मी लिहिते, मी पाठवते, आणि आपण काय बोललो ते साहेबांना दुसऱ्या दिवशी पेपरात कळतं.

दामाजी : तू यायच्या आधीपासून तसंच चाललंय. मग आजच काय झालं? पाणी पी आधी.

संचिता : मी दोन लिहून ठेवलेल्या. एकीत होतं, खासदारांना मिळालेली वाढ योग्यच आहे. दुसरीत, लोक अडचणीत असताना मी ही वाढ घेणार नाही.

दामाजी : ते नेहमीचंच आहे. वारा बघायचा, मग त्यातली एक सोडायची.

संचिता : सकाळी सभागृहात शिरता शिरता साहेबांचा दिल्लीहून फोन आला. म्हणाले, ती पगारवाढीची नोट पाठवून दे. बस. फोन कट.

दामाजी : आणि तू कुठली ते विचारलं नाहीस?

संचिता : नाही.

दामाजी : अगं, मेसेज तरी टाकायचा.

संचिता : टाईप केलेला. मग पुसला.

दामाजी : का?

संचिता : कारण उत्तर माहीत होतं मला. पहिलीच पाठव म्हणाले असते.

दामाजी : एवढी शिकलेली तू. अक्कल काय चरायला गेलेली?

संचिता : माझ्या नवऱ्याच्या, मितेशच्या कंपनीत, तिकडे मानपाड्याला, तीन महिने अर्धा पगार दिला. सगळ्यांनी सह्या करून दिल्या, कंपनी जगली पाहिजे म्हणून. सोमवारी गेटला कागद लावला. बंद. तेव्हापासून तो घरात बसलाय, धड बोलत पण नाही. आणि मी इथे बसून काय लिहायचं? वाढती महागाई पाहता खासदारांना वाढ मिळणं न्याय्य आहे! महागाई काय फक्त दिल्लीतच झालीय?

दामाजी : तुझं दुःख खोटं नाय. पण मी ह्या दारात एकतीस वर्षं बसतोय, साहेब नगरसेवक होते तेव्हापासून. कोणाच्या घरी मयत झालं, द्या. कोणाच्या पोरीचं लग्न, द्या. शाळेची फी, द्या. चहाच दिवसाला शंभर कप जातो. हे कुठून येणार? सरकारने दिलं नाही तर घोडबंदर रोडचे बिल्डर उभेच आहेत पाकीट घेऊन. आणि ते काही पुण्य म्हणून देत नाहीत.

संचिता : म्हणजे वाढ दिली की पाकीट बंद होतं?

दामाजी : होत नाय. पण नाय दिली तर घ्यायला कारण मिळतं.

संचिता : आणि मितेशने कोणाकडून घ्यायचं? त्याच्या दारात कोण येणार आहे पाकीट घेऊन... काका! साहेबांचा फोन. मी नाही उचलणार.

दामाजी : उचल. स्पीकरवर टाक. मी आहे इथे.

साहेब : संचिता? जेवलीस का बाळा?

संचिता : हो... म्हणजे नाही, साहेब.

साहेब : तुझी नोट वाचली. वाचली म्हणजे इथे चार जणांनी मला वाचून दाखवली. 'ज्या घरात या महिन्यात पगार आला नाही, त्या घराचा मी प्रतिनिधी आहे.' काय लिहितेस गं! मलाच भरून आलं.

संचिता : सॉरी साहेब, मी...

साहेब : घाबरतेस कशाला? मी कधी ओरडतो का? फक्त एक अडचण झालीय. पक्षात ठरलेलं, वाढ सगळ्यांनी घ्यायची आणि तोंड कोणी उघडायचं नाही. आता मी एकटा साधू आणि बाकीचे सगळे चोर. सहा वाजता वरून बोलावणं आहे मला. तेव्हा सहाच्या आत खुलासा गेला पाहिजे.

संचिता : कसला खुलासा, साहेब?

साहेब : की ती नोट माझी नव्हती. ऑफिसातल्या माणसाने मला न विचारता पाठवली, आणि त्याला आजपासून कामावरून काढलंय. नाव टाक. नावाशिवाय पेपरवाले खरं मानत नाहीत.

संचिता : कोणाचं नाव?

साहेब : ज्याने पाठवली त्याचं. मी इथे दिल्लीत बसून काय सांगणार? तुमचं तुम्ही ठरवा. पण लिही तूच हां, तुझ्यासारखं कोणाला जमत नाही. आणि जेवून घे.

(फोन बंद होतो.)

संचिता : काका, माझं नाव पेपरात आलं तर मला कोण कामावर ठेवणार? घरात एकसुद्धा पगार राहणार नाही. भाडं आहे, सान्वीची शाळा आहे. मला खूप भीती वाटतेय हो.

दामाजी : रडू नको. टाईप करायला घे.

संचिता : मितेशला काय तोंड दाखवू?

दामाजी : काय दाखवायची गरज नाय. माझं नाव टाक.

संचिता : काय?

दामाजी : चष्मा घरी राहिलेला, चुकीचं बटण दाबलं. म्हाताऱ्या माणसाच्या नावावर खपून जातं.

संचिता : तुम्हाला फोटोसुद्धा पाठवता येत नाही काका. कोण विश्वास ठेवेल?

दामाजी : म्हणूनच ठेवतील.

संचिता : नाही. असं नाही करायचं. तुमचं काय होईल मग?

दामाजी : माझं काय व्हायचंय. कोपरला भाऊ आहे, त्याच्याकडे जाईन. तसाही यंदा थांबणारच होतो मी.

संचिता : खरंच थांबणार होतात?

दामाजी : पाच वाजत आले पोरी.

संचिता : 'सदर प्रेसनोट माझ्या संमतीशिवाय कार्यालयातील कर्मचारी...'

दामाजी : हां. पुढे?

संचिता : पुढे सुचत नाहीये.

दामाजी : सुचेल. मी शटर ओढून बाहेर उभा राहतो. कोणाला आत सोडत नाय.

संचिता : काका...

दामाजी : बोल.

संचिता : तुमचं पूर्ण नाव काय?