दातांचा विमा आणि तळलेले गरे

हसा खुशाल, पण माझं हे बोळकं अजून बोळकंच राहिलं त्यात दोष माझाच आहे.

आमच्या वाडीनं सगळ्यांचा मिळून आरोग्य विमा काढायचं ठरवलं. मला कवळी हवी होती, म्हणून मी म्हटलं, दातांचा खर्चही त्यात घाला. विम्याचे साहेब म्हणाले, "घालू की आजोबा. पण आधी बिनदातांचे किती ते बघावं लागेल. थोडे असले तर हप्ता फारसा वाढणार नाही. पुष्कळ निघाले तर वाडीला परवडायचं नाही."

मी लगेच सगळ्या बोळक्यांना गाठलं. म्हटलं, "बैठकीत आपण थोडेच दिसायला हवे."

त्यातलाच गणूदादा म्हणाला, "मग तळलेले गरे खात बसू. गरे खाणाऱ्याला बिनदातांचा कोण म्हणेल?"

बैठकीत आम्ही अकरा म्हातारे फणसाचे तळलेले गरे गालात धरून बसलो. साहेबांनी सगळ्यांकडे निरखून पाहिलं. "दात उत्तम आहेत हो वाडीचे. खर्च काहीच वाढत नाही. आता दातांचा विमा ज्याला हवा, त्यानं आपलं नाव सांगा."

गरा काही केल्या मऊ होईना, अकरांपैकी कोणालाच बोलता येईना. शेवटी मी नाव सांगायला तोंड उघडलं, तर तो थेट घशात. गणूदादा माझ्या पाठीत गुद्दे घालत होता, तोवर साहेबांचं लिहून झालं. त्यांनी वाचून दाखवलं.

"दातांचा विमा कोणालाच नको. घशात गरा अडकल्यास पूर्ण खर्च मिळेल."