खुर्च्या अडतीस हजार, बसायची सोय नाही

...नाही, तुम्हीच सांगा, खुर्ची कशाला असते? बसायलाच ना? मग फ्रान्सात, आमच्या लांसच्या फुटबॉल स्टेडियममध्ये या आणि दाखवा मला बसून! तुम्हाला सांगतो, गाव आमचं बत्तीस हजारांचं आणि स्टेडियम अडतीस हजारांचं, म्हणजे तान्ह्या पोरापासून खाटेवरच्या म्हातारीपर्यंत अख्खं गाव आत नेऊन बसवलं तरी पाहुण्यारावळ्यांना खुर्च्या उरतात, आणि मी, लादिस्लास, ज्याच्या आजोबांनी खाणीत काम नव्हतं तेव्हा कंपनीच्या सांगण्यावरून फावडं घेऊन हेच मैदान खणलं, त्या मला... खुर्च्या अडतीस हजार आणि बसायची सोय नाही!

झालं काय, उन्हाळ्यात माझा गुडघा बदलला. डॉक्टरीणबाई शेजारच्या लील शहरातल्या. लीलचं आणि आमचं हाडवैर, पण करता काय, गुडघा अडला होता! म्हणाल्या, "मॅचला जा खुशाल, पण बसून बघायची. पायावर भार टाकलात तर पुन्हा माझ्या टेबलावर याल." मी म्हटलं, बाई, माझ्या तिकिटावर खुर्चीचा नंबर छापलाय! त्या नुसत्या हसल्या. लीलचं माणूस हसलं तेव्हाच मी ओळखायला हवं होतं...

कारण माझी खुर्ची मारेक स्टँडात! तिथे कोण बसतंय? अहो, बापाच्या काळात तिथे खुर्च्याच नव्हत्या, नुसत्या पायऱ्या, माणसाला माणूस चिकटून उभं, सगळं स्टेडियम धरून पन्नास हजारांच्या आसपास माणूस मावायचं! मग अठ्ठ्याण्णवचा वर्ल्ड कप आला, साहेब लोक म्हणाले, "खुर्च्या टाका!" टाकल्या, उरले एक्केचाळीस हजार. मग सोळा सालची युरोपची स्पर्धा आली, "ऐसपैस करा!" केलं, उरले अडतीस. दर दुरुस्तीला माणसं कमी! आणि मार्सेयचा माझा साडू मिशीला पीळ देत सांगतो, "आमचं सदुसष्ट हजारांचं!" अरे असेल! गावात माणसं आठ लाख, त्यात सायकलींचा ट्रॅक होता म्हणून एवढं ऐसपैस बांधलेलं! बसव की तुझं सगळं गाव त्यात! जाऊ दे... विषय गुडघ्याचा होता.

तर पहिल्या मॅचला बसलो. पुढे काय दिसावं? पाठी! ओळीनं पाठी, आणि पाठींच्या खाली जे असतं ते! शेजारी आमचा मार्सो, नळाची कामं करतो, दरवाजाएवढा माणूस. मी खालून विचारतोय, "मार्सो, बॉल कुणाकडे?" तो वरून, "आपल्याकडे!... गेला!" झाली माझी मॅच! खुर्च्या अडतीस हजार आणि...

आणि त्यात तो भोंगेवाला! घोषणा द्यायला हा बाबा सगळा वेळ मैदानाकडे पाठ आणि आमच्याकडे तोंड करून उभा. त्याला गोल दिसत नाही, पण बसलेला माणूस बरोबर दिसतो! भोंग्यातून म्हणतो, "ए, मधल्या ओळीत खड्डा पडलाय! कोण मेलंय का तिथे?" आणि लगेच सुरू, "जो नाही उडला, तो लांसचा कुठला! जो नाही उडला..." हजारो माणसं उड्या मारतायत, खाली काँक्रीट थरथरतंय, आणि सगळे बघतायत माझ्याकडे! मी लांसचा कुठला? मी?? रडू आलं हो मला. एवढा बाप्या माणूस, पण आलं.

घरी बायको ओदिल म्हणाली, "मग समोरच्या स्टँडात जा की! तिथे बसतात लोक." गेलो. बसतात! मांडीवर शाल, हातात थर्मास, गोल झाला की टाळ्या, त्या पण मोजून मापून! समोर माझा मारेक स्टँड बेभान नाचतोय आणि मी इकडे परक्याच्या लग्नात आल्यासारखा... मध्यंतरालाच पळून आलो. येऊन उभा राहतो कुठे? खुर्च्या अडतीस हजार आणि बसायची सोय नाही, उभं राहायची डॉक्टरीणबाईंची परवानगी नाही!

शेवटी मार्सो आणि पाववाला विटोल्ड, दोघांनी ठरवलं. मला विचारलं? छे! दोन्हीकडून बगलेत हात घातले आणि उचललं! "लादीभाऊ, पायावर भार नको ना? नाहीच टाकायचा!" तेव्हापासून मी अधांतरी. ते उडाले की मी वर, ते टेकले की मी... तरी अधांतरीच! पण मैदान स्वच्छ दिसतं, भोंगेवाला खूश, आणि मी लांसचा. सगळं कसं छान!

फक्त एक... गोल झाला की माणूस काय करतो? दोन्ही हात वर! दोघांचेही! आणि मी? धप्पकन खुर्चीत! वर ते दोघं एकमेकांच्या गळ्यात पडून नाचतायत, आणि खाली मी गुडघा धरून बोंबलतोय, लोकांना वाटतं म्हातारा आनंदानं ओरडतोय! परवा डॉक्टरीणबाई गुडघ्याचा एक्स-रे बघून म्हणाल्या, "अजून असे दोन दणके, की गुडघा गेला. मग घरी बसून टीव्ही."

म्हणून तुम्हाला सांगतो, बाहेर बोलू नका, गावात जिवंत ठेवणार नाहीत मला... शिट्टी वाजली की मी, जन्मभराचा लांसवाला, त्या दोघांच्या हातांत लटकत डोळे मिटतो आणि म्हणतो, "देवा, शून्य-शून्य राहू दे रे बाबा!" आणि आमची पोरं? वर्षानुवर्षं एका गोलासाठी तरसवलं मेल्यांनी, आणि यंदा मॅचला चार-चार घालतायत!