मिटलेली शिंप

सन्माननीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरील पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती विद्याधरपंत, आणि पापडी-पाचूबंदरहून हातातली कामं टाकून आलेल्या बंधुभगिनींनो,

मी संस्कृतचा मास्तर. पंतांनी शास्त्र शिकवायचं आणि मी त्यांची थट्टा करायची, हा आमचा बावीस वर्षांचा शिरस्ता. मध्ये महायुद्ध झालं, स्वराज्य आलं, थट्टा चालूच. निमित्त त्यांच्या टेबलावरची ही दगड झालेली शिंप. काळूराम तांडेलांनी कच्छहून गलबतातून आणलेली. "पंत, हिचं कालवण किती वेळ शिजवायचं?" असं मी विचारी.

पण पाहा तरी! आकार तिकोनी. पुढच्या अंगावर जाड वळ्या, मागच्या अंगावर बारीक रेघा, मध्ये कण्यासारखी धार. पंत म्हणत, ही ट्रायगोनिया. हा वंश केव्हाच नामशेष झाला. मात्र खात्री पटते ती आतल्या बिजागरीवरून. ट्रायगोनियाच्या बिजागरीचे दात खाचाखाचांचे असतात. आणि ही तर घट्ट मिटलेली! मुंबईच्या एका तज्ज्ञांनी कळवलं, उघडून बिजागरी दाखवा, संग्रहात तुमच्या नावानिशी नोंद करू. निवृत्तीपूर्वी एवढं व्हावं, अशी पंतांची फार इच्छा. का असू नये?

गेल्या आठवड्यात त्यांनी मासळी विकणाऱ्या फिलोमिनाबायला बोलावलं. तिसऱ्या, म्हणजे खाण्याच्या शिंपल्या, उघडण्यात तिचा हात धरणारं पाचूबंदरात कोणी नाही. समोरच बसली आहे. लाजू नकोस गं! तिने शिंप हातात फिरवली आणि सुरी खाली ठेवली.

"मास्तर, तिसरी मेली का आ वासते. ही मिटलेली हाय. हिला जितीच गाळानं गाडली. पान्यात तोंड उघडायलाबी गावलं नाय."

अहो! कोट्यवधी वर्षांपूर्वी एक जीव घाबरून मिटला, तो अजून मिटलेलाच आहे, आणि मी त्याचं कालवण विचारत होतो! पंतांनी शिंप तिच्या हातून घेऊन पुन्हा टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "राहू दे, फिलोमिनाबाय."

त्याच दिवशी त्यांनी तज्ज्ञांना पत्र लिहिलं: शिंप उघडणार नाही, नोंद करू नये. टपालात टाकायला माझ्याकडे दिलं. आणि अध्यक्षमहोदय, मी ते टाकलं नाही. पाच दिवस खिशात ठेवलं. वाटलं, मित्राचं नाव हातचं जातंय, विचार बदलेल. पंत मात्र रोज विचारत, "पोचलं असेल ना?" चेहऱ्यावर कसलीही हळहळ नाही. अखेर आज सकाळी टाकलं.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर सभेने पोटात घालावं. त्या पाच दिवसांची क्षमा मात्र, पंत, तुमच्याकडे मागतो.