खंड्याने पाहिलेला समुद्र

अठ्ठावन्नची दिवाळी सरली होती. अकोल्याला बाळापूरच्या मोटारीच्या रांगेत अलिबागेहून परतलेलं एक कुटुंब उभं होतं, आणि त्यांच्यात फक्त कुत्रा ताजातवाना दिसत होता.

"अनसूयाबाई, अलिबागेचा समुद्र कसा हाय वो?" रांगेतल्या ओळखीच्या बाईनं विचारलं.

"मले काय इचारता? याईच्या खंड्याले इचारा." अनसूयाबाईंनी नवऱ्याकडे बोट दाखवलं.

"अवं, त्याले कोंडलं का तो भुकून घर डोक्यावर घे. फिरवा लागे."

"सकाळ-संध्याकाळ खंड्या समुद्रावर, अन् मी चार दिवस तुमच्या गोतासाठी पोळ्या लाटून राहिली!"

"शेवटल्या दिवशी नेत होतो ना तुले?"

"मी लुगडं बदलून दारात आली, तं खंड्याच्या पायाले शिंपली लागली. हळद कोनं लावली?"

"समुद्र काई पळून नाही चालला, अनसूये. पुढच्या दिवाळीत पाह्यजो."

"मंग पट्टा माह्या गळ्यात बांधजा. दोन टाइम समुद्रावर नेसान तरी."